अतिरेक्यांच्या पार्श्वभूमीचा अभ्यास : कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला?

कोरा कागद (मूळ लेख)

एखादा तरुण हिंसक संघटनेत का गेला, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणजे घरची गरिबी आणि दुसरे म्हणजे कोणीतरी माथे भडकवले. दोन्ही उत्तरांत अनेकदा थोडेफार तथ्य असते. पण ती ज्या कागदपत्रांवरून काढली जातात, ती कोणी आणि कशासाठी तयार केली याची चौकशी क्वचितच होते. या विषयावरचे संशोधन वाचताना माझे असे मत बनत गेले आहे की यातील बहुतेक वाद माणसांविषयीचे नसून कागदांविषयीचे आहेत. म्हणून हा धागा.

आपल्या सर्वांच्या माहितीतले उदाहरण घेतो. अजमल कसाब पकडला गेल्यानंतर त्याचा पोलिसांपुढचा जबाब म्हणून डिसेंबर २००८ मध्ये जो मजकूर वर्तमानपत्रांतून आला, त्यात बापाशी भांडून घर सोडलेला, मजुरी करून कंटाळलेला आणि दरोडे घालण्यासाठी हत्यारे मिळावीत म्हणून रावळपिंडीच्या राजा बाजारात लष्कर-ए-तय्यबाच्या माणसांपर्यंत पोचलेला एक भुरटा तरुण दिसतो. फेब्रुवारी २००९ मध्ये दंडाधिकाऱ्यांसमोर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली त्याचा कबुलीजबाब नोंदवला गेला आणि त्याचा सारांश सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात आहे. त्यात हाच तरुण बकरी ईदच्या सुमारास घरोघर फिरून कुर्बानीच्या बोकडांची कातडी गोळा करणाऱ्या लष्करच्या कार्यकर्त्यांना पाहून प्रभावित होतो आणि काश्मीरसाठी आपणही काही केले पाहिजे असे वाटून त्यांचे कार्यालय गाठतो. माणूस एकच आणि मधला काळ फार तर अडीच-तीन महिन्यांचा. तरी एका कागदातून निघणारा निष्कर्ष ‘गुन्हेगारीकडून दहशतवादाकडे’ असा होतो आणि दुसऱ्यातून ‘विचारसरणीचे आकर्षण’ असा होतो. पुढे जुलै २००९ मध्ये त्याने भर न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि डिसेंबरमध्ये आपण चित्रपटात काम करायला मुंबईला आलो होतो असे सांगून सगळेच फिरवले. कोणता कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरायचा हे न्यायालयाने ठरवले आणि त्याच्या निकषांवर ते योग्यच आहे. परंतु पार्श्वभूमी शोधणाऱ्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. (कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचून सांगितली होती, हे खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये सांगितले, तोपर्यंत ती कसाबच्या ‘स्वभावा’चा दाखला म्हणून सर्वतोमुखी झालेली होती. अजूनही ती खरी मानणारे भेटतात.)

आता कसाबकडून त्याच्या संघटनेकडे येऊ. अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या दहशतवादविरोधी अभ्यास केंद्राने २०१३ मध्ये लष्करच्या मारल्या गेलेल्या नऊशेहून अधिक सदस्यांच्या चरित्रनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्रिस्टीन फेअर, डॉन रॅसलर आदी त्याचे लेखक आहेत. या नोंदी गुप्तहेरांनी मिळवलेल्या नव्हत्या, तर लष्करनेच १९९४ ते २००७ या काळात आपल्या उर्दू नियतकालिकांतून आणि पुस्तकांतून छापलेल्या होत्या. निघालेले चित्र आपल्या मनातल्या चित्राशी जुळत नाही. बहुसंख्य मुले पाकिस्तानी पंजाबची, गुजरांवाला, फैसलाबाद, लाहोर अशा जिल्ह्यांतली होती; संघटनेत येताना त्यांचे सरासरी वय सतरा आणि मृत्यूच्या वेळी एकवीस होते. त्यांचे शालेय शिक्षण पाकिस्तानी पुरुषांच्या सरासरीपेक्षा अधिक होते, आणि केवळ मदरशात वाढलेली मुले ही सरसकट समजूत या नोंदींत टिकत नाही. चौथीत शाळा सोडलेला ओकारा जिल्ह्यातील फरीदकोटचा कसाब या समूहाचा नमुना म्हणून फारसा उपयोगाचा नाही. परंतु जिवंत सापडला तो तोच, त्यामुळे महाराष्ट्राच्या मनात लष्करचा माणूस म्हणजे कसाब हे समीकरण पक्के झाले.

मात्र या नऊशे नोंदीही भाबडेपणाने वाचता येत नाहीत. त्या मृत्यूनंतर लिहिलेल्या गौरवगाथा आहेत आणि पुढची भरती व्हावी हाच त्यांचा हेतू आहे. आईने परवानगी दिली, मुलाने मृत्युपत्रात बहिणींना पडदा पाळण्यास सांगितले, बातमी आल्यावर घरात शोक न करता मिठाई वाटली, अशा प्रसंगांची त्यांत रेलचेल असते. नाखुशीने गेलेला, घाबरून परत आलेला किंवा प्रशिक्षणातून पळालेला मुलगा त्यांत असणारच नाही. गाव, वय, इयत्ता यांबाबत खोटे लिहिण्याचे संघटनेला फारसे कारण नव्हते, म्हणून ते तपशील मी बऱ्यापैकी विश्वासार्ह मानतो; ‘का गेला’ याचे उत्तर मात्र त्यांतून घेणे मला धोक्याचे वाटते.

गौरवगाथेच्या दुसऱ्या टोकाला निव्वळ कारकुनी कागद असतात. ऑक्टोबर २००७ मध्ये सीरियाच्या सीमेजवळच्या सिंजार येथे अमेरिकी फौजेला अल-कायदाच्या इराकी शाखेने ठेवलेल्या परदेशी लढवय्यांच्या नोंदी मिळाल्या. पुढे २०१६ मध्ये आयसिसचे प्रवेशअर्ज फुटले. या अर्जात तेवीस रकाने आहेत आणि ते वाचताना एखाद्या सरकारी कार्यालयातला भरतीचा अर्ज हातात आल्यासारखे वाटते: नाव, टोपणनाव, आईचे नाव, रक्तगट, शिक्षण, शरियतचे ज्ञान किती, आधीचा व्यवसाय, कोणत्या देशांत प्रवास केला, कोणाच्या शिफारशीने आलात, लढणार की आत्मघाती हल्ला करणार, सोबत आणलेल्या कोणत्या वस्तू जमा केल्या. शेवटचा रकाना मृत्यूची तारीख आणि ठिकाण यांसाठी असून तो भरतीच्या दिवशी अर्थातच कोरा ठेवलेला असतो. वेस्ट पॉइंटच्याच केंद्राने असे ४,६०० हून अधिक अर्ज तपासले. धर्मासाठी लढायला निघालेल्या या लोकांपैकी बहुतेकांनी आपले शरियतचे ज्ञान ‘प्राथमिक’ असल्याचे लिहिले होते. हा अर्ज वाचणारा स्वतः संघटनेचा अधिकारी होता, त्याच्यापुढे अज्ञान कबूल करून अर्जदाराचा काही लाभ नव्हता. म्हणूनच मला ही नोंद मोलाची वाटते.

जाणकारांनी भर घालावी, विशेषतः भारतातील कागदपत्रांविषयी.

टक्केटोणपे

लेख आवडला. सिंजारचा उल्लेख आला आहे म्हणून त्यातलाच एक आकडा देतो, कारण या विषयातील निम्म्या चुका छेद, म्हणजे एकूण किती जणांपैकी हे, विसरल्याने होतात. तेथील विश्लेषणयोग्य ६०६ नोंदींपैकी २४४ जण सौदी अरेबियाचे आणि ११२ जण लिबियाचे होते. शहरांनुसार पाहिले तर ५१ जणांनी रियाध लिहिले होते आणि ५२ जणांनी लिबियातील दर्ना. रियाध ही चाळीस लाखांहून मोठ्या लोकवस्तीची राजधानी, तर दर्ना हे सुमारे ऐंशी हजार वस्तीचे समुद्रकाठचे गाववजा शहर. आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण लोकसंख्येने भागल्यावर दर्नाचे प्रमाण पन्नासपटीहून अधिक भरते. देशाची गरिबी, देशातील हुकूमशाही किंवा देशाचा धर्म यांपैकी कशानेही ‘दर्नाच का’ याचे उत्तर मिळत नाही, कारण बाकीच्या लिबियातही तेच सगळे होते.

गरिबीबद्दलही तुलनागट घेऊन पाहिलेले आहे. क्रूगर आणि मालेच्कोव्हा या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हिजबुल्लाच्या मारल्या गेलेल्या १२९ सदस्यांची तुलना त्याच वयोगटातील लेबनीज लोकांशी केली. सदस्यांपैकी २८ टक्के गरीब होते आणि सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ३३ टक्के होते. म्हणजे गरिबांचा वाटा किंचित कमीच. हा नमुना छोटा आहे आणि तोही संघटनेनेच छापलेल्या चरित्रांवर उभा आहे, त्यामुळे लेखातला आक्षेप येथेही लागू पडतो. परंतु ‘२८ टक्के गरीब होते’ एवढेच वाक्य छापले असते तर वाचकाने त्यातून नेमका उलटा अर्थ काढला असता.

सर्वांत गाजलेला निष्कर्ष अभियंत्यांचा. गाम्बेत्ता आणि हेर्टोग यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंसक इस्लामी गटांतील ४९७ जणांची माहिती गोळा केली. ज्यांच्या उच्च शिक्षणाचा विषय कळला असे २०७ जण होते आणि त्यांपैकी ९३ अभियांत्रिकीचे. त्या देशांतील एकूण पदवीधरांचे प्रमाण पाहता हा आकडा अपेक्षेच्या कित्येक पट आहे आणि लेखकांनी त्याची कारणे मनोवृत्तीत आणि अरब देशांतील बेकारीत, दोन्हीकडे शोधली आहेत. सौदी अरेबियात अभियंत्यांना बऱ्या नोकऱ्या मिळत होत्या, तेथे हा फुगवटा दिसत नाही, ही त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट. डाव्या अतिरेकी गटांत मात्र समाजशास्त्रे आणि मानव्यविद्या शिकलेले अधिक आढळतात. आता यावरून उद्या कोणी म्हणाले की अभियांत्रिकी महाविद्यालयांवर पाळत ठेवा, तर तो शुद्ध उलटा हिशेब होईल. ‘अतिरेक्यांपैकी किती अभियंते’ आणि ‘अभियंत्यांपैकी किती अतिरेकी’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडे दरवर्षी लाखोंनी बाहेर पडणारे अभियंते पाहता दुसऱ्याचे उत्तर शून्याच्या इतके जवळ आहे की त्यावरून एकही माणूस हुडकता येणार नाही.

साक्षीपुरावा

वर दोघांनीही ‘अतिरेकी’ हा गट जणू ठरलेलाच आहे असे धरून विवेचन केले आहे. माझी हरकत तेथेच आहे. मृत लढवय्यांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा येत नाही, पण भारतातील बहुतेक अभ्यास आरोपपत्रांवर, किंवा त्याहूनही वाईट म्हणजे अटकेच्या दिवशीच्या बातम्यांवर आधारलेले असतात.

११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल गाड्यांमधील स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांपैकी एकाचा त्यापूर्वीच तुरुंगात मृत्यू झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर हा निकाल इतर खटल्यांत पूर्वोदाहरण म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या नऊ जणांना २०१६ मध्ये आरोपमुक्त करण्यात आले. २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. दरम्यानच्या काळात या सर्वांची वये, शिक्षण, व्यवसाय, घरची परिस्थिती यांची कोष्टके तयार झाली, त्यांवर लेख आले, ‘सुशिक्षित दहशतवादाचा उदय’ अशा धाटणीची विवेचने झाली. न्यायालयाने माणूस सोडला म्हणून ते कोष्टक कोणी दुरुस्त केल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट कबुलीजबाबांची. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी राज्य कायद्याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरू शकतो. २००६ च्या खटल्यात उच्च न्यायालयाने जे कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवले, त्यामागच्या कारणांपैकी एक असे की वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतील काही भाग एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. संशोधक अशा वेळी ‘समान मानसिकता’ शोधून काढतो! प्रत्यक्षात ती समानता लेखनिकाची असू शकते. अभ्यासकांनी निदान अंतिम निकालापर्यंत थांबावे आणि दोषसिद्धी, आरोप, अटक व संशय यांसाठी वेगळे रकाने ठेवावेत.

वैनगंगाकाठ

गडचिरोलीतून लिहीत आहे. येथे नक्षलवादी चळवळीतील माणसांविषयी जे लिहिले जाते, त्याचा मोठा भाग आत्मसमर्पणाच्या वेळी निघणाऱ्या प्रेसनोटवर अवलंबून असतो. राज्याची आत्मसमर्पण योजना २००५ पासून आहे, त्यामुळे या नोटांचा साठा बराच मोठा झाला आहे. साचा ठरलेला असतो: नाव, वय, गाव, कोणत्या साली कोणत्या दलममध्ये (सशस्त्र तुकडीत) भरती, मग कोणत्या पदावर बढती, चकमक, जाळपोळ आणि खून यांचे किती गुन्हे, शासनाने किती लाखांचे बक्षीस ठेवले होते. सर्वांत शेवटी आत्मसमर्पणाची कारणे येतात: वरिष्ठ जनतेच्या नावाने पैसे गोळा करतात आणि स्वतःसाठी वापरतात, दलममध्ये लग्न होऊनही संसार करता येत नाही, खबरी असल्याच्या संशयावरून निरपराध आदिवासींना मारायला लावतात. ही कारणे खोटी आहेत असे मुळीच नाही. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी काहींनी ती स्वतःच्या शब्दांत सांगितलेली आहेत. परंतु एका नोटेतील वाक्ये पुढच्या नोटेत जशीच्या तशी उतरलेली असतात, हे दोन नोटा शेजारी ठेवल्या की कोणालाही दिसेल. ती वाक्ये मोजून कोणी ‘इतके टक्के लोक आर्थिक गैरव्यवहाराला कंटाळून परतले’ असे लिहू लागला, तर तो प्रेसनोट लिहिणाऱ्याचा अभ्यास होईल.

भरतीच्या कारणांचा रकाना या नोटांत जवळजवळ नसतोच, हे अधिक खटकणारे आहे. भामरागड-एटापल्लीकडच्या घरांत विचारले तर उत्तरे अगदी साधी असतात. गावात दलम मुक्कामाला यायचे, चळवळीच्या सांस्कृतिक पथकाची, चेतना नाट्य मंचची गाणी व्हायची, मोठी बहीण किंवा शेजारची मैत्रीण आधीच गेलेली असायची. घरच्यांनी नको तेथे ठरवलेले लग्न टाळण्यासाठी गेलेल्या मुलीही आहेत. चौदा-पंधराव्या वर्षी गेलेल्या मुलीला मार्क्स कोणी सांगितला असेल तर तो गेल्यानंतर. याउलट नेतृत्वाची पार्श्वभूमी पाहावी. कोबाड घांदी डून स्कूल आणि सेंट झेवियर्समध्ये शिकून लंडनला गेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर साठ साथीदारांसह शस्त्रे ठेवणारे मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती तेलंगणातील पेद्दपल्लीचे. एकाच संघटनेत इतके वेगळे दोन थर असताना ‘नक्षलवाद्याची सरासरी पार्श्वभूमी’ काढली तर प्रत्यक्षात कोठेही नसलेला माणूस तयार होतो.

मुक्काम पोस्ट

सर्वांचे प्रतिसाद वाचून प्रश्न पडला. पोलिसांचा कागद नको, संघटनेचा नको, न्यायालयाचा निकाल दहा वर्षांनी बदलतो आणि प्रेसनोट साच्यातली. मग या विषयात काही ठामपणे सांगता येते की नाही? नसेल, तर एवढे आकडे देण्याचा खटाटोप कशासाठी?

कोरा कागद

मुक्काम पोस्ट, प्रश्न रास्त आहे. माझ्या मते सांगता येते, आणि त्याची कसोटीही या चर्चेतच आलेली आहे. वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेल्या कागदांत जी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती टिकाऊ मानावी. अशी एक गोष्ट नक्की आहे: माणसे एकटी जात नाहीत, ओळखीने जातात. मार्क सेजमन यांनी २००४ मध्ये जागतिक जिहादी चळवळीतील १७२ जणांची चरित्रे मुख्यतः खटल्यांच्या कागदपत्रांवरून आणि वृत्तपत्रांतून जुळवली, तेव्हा बहुसंख्यांच्या बाबतीत मैत्री किंवा नाते हे सदस्यत्वाच्या आधीचे निघाले. दोनातेल्ला देल्ला पोर्ता यांनी इटलीतील डाव्या सशस्त्र गटांचा अभ्यास केला, तेथेही तेच. सिंजारच्या नोंदींत एका गावचे तरुण एकाच सुमारास, एकाच मध्यस्थामार्फत आलेले सापडतात, आणि दर्नाचे कोडे मला वाटते तेथेच निम्मे सुटते. आयसिसच्या अर्जात तर ‘कोणाच्या शिफारशीने’ असा रकानाच आहे. वैनगंगाकाठ यांनी सांगितलेली बहीण आणि मैत्रीण यांहून वेगळी नाहीत. कल्याणचे चार तरुण मे २०१४ मध्ये यात्रेकरूंच्या गटाबरोबर बगदादला पोचले आणि तेथून आयसिसकडे गेले. त्यांच्यातल्या काहींचे अभियांत्रिकीचे शिक्षण बातम्यांचा मथळा झाले. ते एकमेकांचे मित्र होते आणि एकत्र निघाले, ही बाब मजकुरात खाली कोठेतरी राहिली. अमेरिकी, इटालियन, इराकी आणि गोंड प्रदेशातील कागद लिहिणाऱ्यांनी संगनमत केलेले नाही.

याउलट, मनाची जडणघडण किंवा बालपणातील आघात यांसारखी कारणे कागद बदलला की बदलतात. पश्चिम जर्मनीच्या गृहमंत्रालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला २५० अतिरेक्यांचा मोठा अभ्यास करवून घेतला होता. त्यांपैकी २२७ डावे आणि २३ उजवे होते. डाव्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा चौदाव्या वर्षाच्या आत आई, वडील किंवा दोघांना मुकलेला निघाला. ऐकायला हे फार मोठे कारण वाटते, पण ही पिढी महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेली होती, आणि बाप गमावलेली मुले त्या देशात घरोघर होती. टक्केटोणपे यांचा छेद येथेही विसरता येत नाही. जॉन हॉर्गन यांनी २००८ मध्ये ‘हा कोण आहे’ हा प्रश्न मागे ठेवून ‘हा येथवर कसा आला’ असे विचारण्याचा आग्रह धरला, तो मला त्यामुळे पटतो. ‘कसा’ या प्रश्नाला तारखा, गावे आणि सोबतची माणसे असतात, आणि ती तपासून पाहता येतात.

साक्षीपुरावा

‘कसा’ विचारायला हरकत नाही, पण त्यासाठी घरच्यांकडे जावे लागते आणि तेथे एक सावधगिरी हवी. आरोपी सुटला तरी किंवा मेला तरी भाऊ-बहिणी त्याच गल्लीत राहतात. गाव, वय आणि व्यवसाय एवढे तीन तपशील एकत्र छापले की नाव न देताही ओळख पटते. संशोधकाच्या वहीतील मुलाखत तपासयंत्रणेने मागितली तर ती रोखून धरण्याचे पत्रकाराला किंवा प्राध्यापकाला आपल्या कायद्यात भक्कम संरक्षण नाही, हे मुलाखत घेण्याआधी समोरच्याला सांगणे भाग आहे.

वैनगंगाकाठ

सहमत. आमच्याकडे तर धोका दोन्ही बाजूंनी असतो. मुलगा दलममध्ये गेला म्हणून पोलीस विचारपूस करतात आणि परत आला म्हणून जंगलातले लोक संशय घेतात. त्यामुळे मी गावाचे नाव कधीच टिपत नाही, फक्त तालुका लिहितो. भरतीचे सालही विचारत नाही. त्या वर्षी तेंदूपत्त्याचा हंगाम कसा होता, तेव्हा धाकटी किती मोठी होती, असे विचारले की सांगणाऱ्याला बोलणे सोपे जाते आणि साल मागाहून काढता येते. प्रेसनोटेतील सालाशी ते अनेकदा जुळत नाही. दोन्ही नोंदवून ठेवतो.